जाहिराती वगळून

डेलकडून वाढदिवसाचं पार्सल आलं तेव्हा मला वाटलं, चला, माझा भाऊ माणसात आला. बावीस वर्षांत त्याने मला दोन शुभेच्छापत्रं पाठवली होती, आणि त्यातलं ख्रिसमसचं मार्चमध्ये पोचलं होतं. आता मात्र थेट ॲरिझोनाहून एवढं जड खोकं. आत ‘बटरनट लेन’ या टीव्ही मालिकेचे सहाही वर्षांचे सगळे भाग, सव्वीस डीव्हीडी, वर कुंपणाचं चित्र असलेल्या पेटीत. सोबत चिठ्ठी होती : ‘नॅडीन, सगळं बघ. पळवत बघू नकोस. – डेल.’

आमच्या वयाच्या माणसाला ‘बटरनट लेन’ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. नेड नावाचा बारा वर्षांचा मुलगा, १९६६ साल, एक गल्ली, एक चिडका बाप, आणि मोठा झालेला नेड पडद्याआडून हे सगळं आठवून सांगणार. दर बुधवारी आठ वाजता. मी तेरा वर्षांची होते तेव्हा ती सुरू झाली, डेल सोळाचा होता. आमच्या डॅडनी तिचा एकही भाग चुकवला नाही, आणि एकही भाग टेप करायचा सोडला नाही.

डॅड रेल्वेची इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस होते. गियरचे दात मोजायचे आणि केसभर फरक असला की माल परत पाठवायचे, हेच त्यांचं काम. घरीही तसेच. व्हीसीआरच्या वायरवाल्या रिमोटवर अंगठा ठेवून ते खुर्चीत ताठ बसायचे. जाहिरात आली की खट्, रेकॉर्डिंग थांबलं. जाहिरात संपली की खट्, सुरू. त्यांच्या टेपमध्ये साबणाचा एक बुडबुडाही सापडायचा नाही. मधल्या दोन मिनिटांत आम्ही दोघं स्वयंपाकघरात पळायचो, काहीतरी तोंडात कोंबायचो, एकमेकांना ढकलायचो, तेवढ्यात बाहेरून हाक यायची, “सुरू झालं!” की आम्ही धावत परत. मग टेपवर ते ठळक अक्षरांत लिहायचे : बटरनट लेन, वर्ष अमुक, भाग तमुक, जाहिराती वगळून.

एरवी डॅड बोलायचे नाहीत. रागावायचेही फारसे नाहीत. घरात एक कपाट असावं तसे असायचे.

१९९१ मध्ये त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणापुढे तरी शब्द टाकला. फोरमनला सांगून डेलला कारखान्यात लावून घेतलं. कामावर जायच्या पहिल्या दिवशी सकाळी डेल मित्राच्या गाडीत बसून ॲरिझोनाला निघून गेला आणि तिकडे एअर कंडिशनर दुरुस्त करायला लागला. डॅड म्हणाले, “गेला तो गेला.” त्यानंतर आईच्या अंत्यविधीला डेल आला, चार तास थांबला आणि विमान धरून परत गेला. डॅड आणि तो एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत. मी मात्र इथेच राहिले. लग्न केलं, मोडलं, पुन्हा त्याच घरात येऊन राहिले. शाळेच्या बसगाड्यांचं वेळापत्रक सांभाळते आणि शेवटची सहा वर्षं डॅडना सांभाळलं.

या फेब्रुवारीत डॅड गेले. पुरून आल्यावर चर्चच्या हॉलमध्ये जेवण होतं. पाद्री म्हणाले, घरच्यांपैकी कुणी दोन शब्द बोलावेत. घरचं म्हणजे मी. डेल आला होता, पण तो कॉफीच्या पिंपाशेजारी जाकीट न काढता उभा होता, बसायलाही तयार नव्हता.

मी उभी राहिले आणि डोकं पार कोरं झालं. मग एकदम ते आठवलं, आणि मी ते सांगितलं. मी तेरा वर्षांची. शाळेत नाटकातून मला काढून टाकलेलं, मी मागच्या पायऱ्यांवर रडत बसलेली. डॅड कामावरून आले आणि काही न विचारता शेजारी बसले. डबा उघडून मेणकागदात गुंडाळलेलं अर्धं सँडविच काढलं, हॅम आणि मोहरीचं, आणि माझ्या हातात दिलं. म्हणाले, “रोज अर्धं राखून ठेवतो. घरी कुणाला भूक असेल तर.”

हॉलमध्ये नाकं पुसल्याचे आवाज आले. आणि डेल, माझा तो दगड भाऊ, कॉफीच्या पिंपाला धरून असा रडला की दोन बायका त्याला खुर्ची द्यायला धावल्या.

पुढच्या रविवारी त्याचा फोन आला. मग त्याच्या पुढच्या रविवारी. मग दर रविवारी. काय खाल्लंस, गुडघा दुखतो, तुमच्याकडे अजून बर्फ आहे का, मग उन्हाळ्यात इकडे एकशे बारा फॅरनहाइट, असलंच काहीबाही. पण मी रविवार सकाळपासून फोनच्या आसपास घोटाळायचे. एकोणचाळिसाव्या वर्षी मला भाऊ मिळाला होता, तोही एका अर्ध्या सँडविचच्या जिवावर.

म्हणून थडग्याच्या दगडावर काय कोरायचं हा प्रश्न मला पडलाच नाही. नाव, साल, आणि खाली : ‘अर्धं नेहमी राखून ठेवलं.’ डेलला विचारलं तर तो म्हणाला, “तू म्हणशील ते.” दगडवाल्यांनी नमुन्याचा कागद पाठवला. जागा आम्हा दोघांच्या नावावर, म्हणून सह्या दोघांच्या हव्या होत्या. इथली जमीन गोठली की पाया घालता येत नाही, त्यामुळे थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारपर्यंत कागद परत गेला पाहिजे, असं त्यांनी दोनदा बजावलं. दोन्ही प्रतींवर माझी सही त्याच दिवशी झाली. डेलला पाठवलेली प्रत तीन आठवडे त्याच्याकडे पडून होती. “बघतो,” म्हणायचा. “अरे, त्यात बघायचं काय आहे? तुझं नाव तुला लिहिता येत नाही का?” मी म्हणायचे. तो हसायचा आणि विषय गुडघ्यावर न्यायचा.

आणि मग ते खोकं आलं.

नोव्हेंबरातल्या शनिवारी सकाळी मी पहिली डीव्हीडी लावली आणि दहा मिनिटांत माझं टाळकं फिरलं. गाणी बदलली होती! नेड आणि ती शेजारची मुलगी जिथे पहिल्यांदा हात धरतात, तिथे जे गाणं होतं त्याच्या जागी कुठलंतरी पुळचट गिटार. जुन्या गाण्यांचे हक्कबिक्क मिळाले नाहीत म्हणे. मी रविवारी डेलवर तोंड सोडलं.

“हे काय पाठवलंस रे? गाणी सगळी खोटी आहेत.”

“माहितीये. कुठवर आलीस?”

“पहिलं वर्ष संपलं. लोकांना काय वाटतं, आपल्याला कळणार नाही? मी गाणं ऐकलेलं आहे, माझ्या कानांनी ऐकलंय!”

“हं,” तो म्हणाला. “बघत राहा.”

पुढच्या शनिवारी दुसऱ्या वर्षाचा अकरावा भाग लागला. नेडला बेसबॉलच्या संघातून काढतात. नेड मागच्या पायऱ्यांवर रडत बसतो. त्याचा बाप कामावरून येतो आणि काही न विचारता शेजारी बसतो. डबा उघडतो. मेणकागद कुरकुरतो. हॅम आणि मोहरी. “रोज अर्धं राखून ठेवतो,” नेडचा बाप म्हणाला. “घरी कुणाला भूक असेल तर.”

मी मागे नेऊन पुन्हा पाहिलं. मग पुन्हा. चौथ्यांदा पाहून मी टीव्ही बंद केला.

नाटकातून मला काढलं होतं, ते खरं. मी पायऱ्यांवर रडले, तेही खरं. पण डॅडचा डबा रोज कोण धुवायचं? मीच. सहावीपासून लग्न होईपर्यंत. तो डबा उघडला की कॉफीचा वास यायचा, कोपऱ्यात चार कण असायचे आणि चेंडूसारखा चुरगळलेला कागद. त्यात कधी अर्धं काय, पाव सँडविचही नव्हतं. हे मला सगळ्या जगात सर्वांत चांगलं माहीत होतं, आणि तरी मी शंभर माणसांसमोर उभी राहून बापाच्या अंत्यविधीला टीव्हीतला बाप सांगितला होता. मुद्दाम नाही, शपथेवर सांगते. मेणकागदाचा आवाज मला माझ्या डोक्यात ऐकू आला होता.

मला लाज वाटली, पण त्याहून जास्त भीती वाटली. डेल त्या सँडविचसाठी परत आला होता. त्याला जर कळलं की बापाने असं काही केलंच नव्हतं, तर तो कशासाठी थांबेल? माझे रविवार गेले, असं मला वाटलं.

मग मला एक वेडी आशा वाटली. गाणी बदलली तशी दृश्यंही बदलली असतील. आमच्या वेळी तो प्रसंग नसेलच. मला कळत होतं की हे काही खरं नाही, तरी मी तळघरात गेले. डॅडच्या टेपा तिथे फळीवर ओळीने होत्या, आणि जुना व्हीसीआर अजून चालत होता, कारण डॅडनी तो दर वर्षी उघडून साफ केला होता. ‘वर्ष दोन, भाग नऊ ते बारा, जाहिराती वगळून.’

लावली. नेड पायऱ्यांवर रडतोय. बाप येतो, शेजारी बसतो, डबा मांडीवर घेतो, झाकण उघडतो, आणि चित्राने हिसका खाल्ला. पुढे थेट नेड दार ढकलून घरात येतो आणि आईला सांगतो की मी पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करणार.

सँडविच नव्हतं! ते वाक्य नव्हतं! मी तळघरात एकटी ओरडले, “नव्हतंच!” आणि मग नेडच्या हाताकडे लक्ष गेलं. त्याच्या हातात अर्धं सँडविच होतं, त्यावर दाताची खूण होती.

म्हणजे प्रसंग होता, टेपवर नव्हता. ज्यांचा अंगठा सहा वर्षांत एकदा चुकला नाही, त्यांनी भर दृश्यात रेकॉर्डिंग थांबवलं होतं. का, ते मला कळेना. मी वर आले आणि सही केलेल्या कागदाकडे बघत बसले.

थँक्सगिव्हिंगसाठी डेल बुधवारी आला. विमानतळावर त्याने मला मिठी मारली, मी त्याच्या पाठीवर दोन थापट्या मारल्या आणि गाडीत गुडघ्याची सगळी हकीकत ऐकली. बोलायचं धाडस झालं नाही. गुरुवारी दुपारी जेवलो. टर्की मी कोरडी केली होती, पण बटाट्याचं सारण भरून कांदा-लोण्यात परतलेले पिएरोगी आईच्या हातचे वाटावेत असे झाले होते, आणि डेलने अकरा खाल्ले. मग त्याने जाकिटाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. त्याच्या सहीची जागा रिकामी होती.

“सोमवारी द्यायचाय ना?” तो म्हणाला.

“डेल, मला तुला काहीतरी सांगायचंय.”

“अकरावा भाग झाला?”

 त्याने काट्याने ताटातला कांदा एका बाजूला सारला.

“तुला माहीत होतं?”

“मी पण सोफ्यावर होतो की, नॅडी. तुझ्या शेजारी.”

“हॉलमध्ये? मी बोलत होते तेव्हा?”

“तू डबा उघडलास तेव्हाच. म्हटलं, आता ही मोहरी म्हणणार. आणि तू मोहरी म्हणालीस.”

“मग सांगितलं का नाहीस, गाढवा! नऊ महिने मला येड्यासारखं...”

“कसं सांगणार? फोनवर? म्हणून तर पेटी पाठवली. म्हटलं, बघेल, तिचं तिला कळेल, मला तोंड उघडायला लागणार नाही. मी त्याचाच मुलगा आहे.”

मी त्याला टेपचं सांगितलं. तो हसला, पण ते हसणं काही चांगलं नव्हतं.

“त्यानेच कापलं ते. तुला आठवत नाही? त्या बापाने सँडविच काढलं, आणि तू रडायला लागलीस. भोकाड पसरलंस अगदी. म्हाताऱ्याने तुझ्याकडे बघितलं, टीव्हीकडे बघितलं, आणि खट्. म्हणाला, ‘आठ तास उभं राहून कोण अर्धं परत आणतं? ही पण जाहिरातच आहे.’”

मला ते आठवलं नाही. अजूनही आठवत नाही. पण तो आवाज मी ओळखला. ‘ही पण जाहिरातच आहे.’ हे वाक्य माझ्या बापाचं होतं यात शंका नव्हती, केसभरही.

“कदाचित त्यांना लाज वाटली असेल,” मी म्हणाले. “मी रडताना बघून. आपण असं कधी केलं नाही, म्हणून कदाचित त्यांना...”

“पुन्हा सुरू करू नकोस, नॅडी.”

 मला फार वाईट वाटत होतं. बाप एकदा फेब्रुवारीत गेला होता, आता पुन्हा जात होता, आणि या खेपेला मागे काही ठेवत नव्हता.

“मग तू रडलास कशाला?” मी शेवटी विचारलं. “तुला माहीत होतं सगळं, तर त्या पिंपाला धरून कशाला रडलास?”

डेलने कागदाची घडी उलगडली, पुन्हा घातली.

“तुझ्यासाठी,” तो म्हणाला. “तू इतकी वर्षं त्याच्याबरोबर राहिलीस. त्याचे डबे धुतलेस, त्याची औषधं दिलीस, शेवटी त्याची दाढीसुद्धा केलीस. आणि तो मेल्यावर त्याच्याबद्दल एक चांगली गोष्ट सांगायची वेळ आली, तर तुझ्याकडे एक नव्हती. टीव्हीतून उसनी आणलीस. मी पळून गेलो होतो आणि तुला एकटीला त्या माणसापाशी ठेवून गेलो होतो. म्हटलं, निदान रविवारी फोन तरी करावा.”

 मी उठून नळ सोडला आणि कोरड्या टर्कीचं भांडं उगीच घासत राहिले. डेलने मला तसंच राहू दिलं.

माझे रविवार सँडविचवर चालले नव्हते, हे मला तेव्हा कळलं. पण त्याचा आनंद व्हायला हवा तेवढा झाला नाही. भाऊ माझा होता, आणि बापाच्या नावावर लिहायला एक ओळ नव्हती. दोन्ही एकदम खरं होतं.

भांडं घासून झाल्यावर मी पेन घेतलं, नमुन्यावरची ती ओळ खोडली आणि शेजारी आद्याक्षरं लिहिली. डेलनेही लिहिली. मग त्याने खाली सही केली.

“तिथे दुसरं काही लिहायचं का?” त्याने विचारलं. “त्याचं काहीतरी. खरोखर म्हणालेलं.”

आम्ही दोघांनी खूप विचार केला. ‘दार लावा, गरम हवा जाते.’ ‘गेला तो गेला.’ ‘टायरमध्ये हवा बघितलीस का?’ डेल म्हणाला, “टायरचं लिही, लोक थांबून वाचतील.” मी हसले आणि हसता हसता पुन्हा रडले. शेवटी जागा कोरीच राहिली. नाव आणि साल, बस.

मग त्याला टेप बघायची होती. आम्ही तळघरात गेलो, जुनी ब्लँकेटं पायांवर घेतली आणि बारावा भाग लावला. गाणी खरी होती, पिवळट चित्र थरथरत होतं. दहा मिनिटांनी डेल म्हणाला, पाय आखडलाय, वरून भोपळ्याचा गोड पाय आणि क्रीम घेऊन येतो. “कुठला पाय कुठे आणतोस ते बघ,” मी म्हणाले. मी टेप थांबवली नाही. तो लंगडत जिना चढला. वर त्याच्या पावलांचा आवाज, फ्रिजचं दार, चमचे शोधताना ओढलेला चुकीचा खण.

इकडे नेडच्या घराचं दार बंद झालं, चित्राने हिसका खाल्ला, जाहिरातीची जागा आली आणि त्याच क्षणी गेली. माझं तोंड आपोआप उघडलं.

“सुरू झालं!”

जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. बेचाळीस वर्षांचा माझा भाऊ दुखऱ्या गुडघ्याने, दोन्ही हातांत बशा घेऊन, दोन-दोन पायऱ्या टाकत खाली आला आणि शेवटच्या पायरीवर थांबला. आम्ही एकमेकांकडे बघितलं. जाहिरातींच्या वेळी दोन पोरं स्वयंपाकघरात पळतात, आणि त्यांचं काही बुडू नये म्हणून एक माणूस बटणावर अंगठा धरून त्यांना हाक मारतो. दर बुधवारी, एका भागात चार वेळा. डेल गेल्यावरही ती हाक तशीच, तेवढ्याच मोठ्याने यायची, मी शेजारी सोफ्यावर बसलेली असले तरी.

“हेच होतं की,” डेल म्हणाला. 

“हो,” मी म्हणाले. “पण हे दगडावर कसं कोरणार?”

तो शेजारी येऊन बसला. त्याने एक बशी मला दिली, आणि मी ब्लँकेट त्याच्या गुडघ्यावर ओढलं.